चार नंबरचं बटण

१ फेब्रुवारी
आजपासून मशीन सुरू. टायटॅनियमच्या पातळ पट्टीवर हाडाच्या पेशी वाढवल्यात. मशीन ती पट्टी सेकंदाला एकदा किंचित वाकवणार, सोडणार, दर वेळी त्याच्यावरचा आकडा एकानं वाढणार. चालताना हाडावर ताण येतो ना, तसा. तीस दिवस, रात्रंदिवस. शेजारच्या डबीतल्या पेशी नुसत्या बसून. ताणातल्या पेशी धातूला घट्ट धरणार, बसलेल्या सुटणार, हे मी लिहून देतो. यावरच माझं कंत्राट वाढणार. प्राध्यापक तोकुनागांना विचारलं, तर "बघू या" म्हणाले. त्यांचं "बघू या" म्हणजे होच.

मशीनला जागा हवी म्हणून कोपऱ्यातला हीटर काढायला लावला, त्याच्याच प्लगला मशीन जोडलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. कुडकुडा म्हणावं.

५ फेब्रुवारी, संध्या. ७.४०
संकल्प: सहाला निघायचं. आज जमलं नाही. शेवटी निघणाऱ्याची यादी कुणीतरी नीट भरायला नको? दारात उभं राहून प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं: खिडकी, बंद. पाणी, बंद. चार नंबर, बंद. मग यादीवर आपल्या नावाचा शिक्का. बाकीचे लाजून पुटपुटतात. माझा आवाज जिन्यापर्यंत जातो. ऐकायला कुणी नसतं, तो भाग वेगळा.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरच्या मिनागावासाननी चॉकलेट दिलं. सकाळी त्याच सगळ्यांच्या आधी येतात, दाराजवळची बटणं चालू करतात. चॉकलेट सगळ्यांनाच दिलं, पण माझ्यापाशी जरा थांबल्या. म्हणाल्या, मशीनवरचा आकडा एकदा बघा ना. केवढी काळजी! म्हटलं, शेवटच्या दिवशी एकदम बघणार, मजा घालवायची नाही.

२२ फेब्रुवारी
सगळे जेवायला गेले. मला सांगितलं नाही. मी कामात असतो, ठाऊक आहे त्यांना. समजूतदार माणसं. दुकानातला भाताचा गोळा खाल्ला. निघताना पेशींना "येतो" म्हटलं. थोडं एकटं वाटलं. थोडं नाही, बरंच. चार नंबर, बंद.

३ मार्च
आकडा सव्वीस लाखांच्या घरात हवा होता. अकरा लाख! दोन्ही डब्यांतल्या पेशींत काडीचा फरक नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी माझं मशीन बंद करतंय. हीटरवाल्यांचा डाव. सगळ्यांदेखत तोकुनागांना म्हटलं, यादी मागवा, शिक्क्यावरून चोर सापडेल.

मिनागावासाननी यादी आणली. चौथ्या ओळीत लिहिलंय: चार नंबर, हीटर. खाली तीस चौकटी. तिसांत तीस लाल शिक्के, कुरामोची, कुरामोची, कुरामोची. मीच.

कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिनागावासान हळूच म्हणाल्या, "कुरामोचीसान, महिनाभरात एकदाही तुमच्याबरोबर कुणी थांबलं नाही?"

मी म्हटलं, "मला घाई नसते."

तोकुनागा म्हणाले, "बघू या."

४ मार्च
महिनाअखेर टेबल रिकामं करायचंय. मशीन आजच उचललं, हीटर जागेवर आला.

सहाला निघालो. स्टेशनपर्यंत गेलो. पुढे कुठे जायचं ते सुचेना. परत आलो, तर सगळे गेलेले. खिडकी, बंद. पाणी, बंद. चार नंबर बंद करण्याआधी हीटरपाशी जरा बसलो.

आवाज जिन्यापर्यंत काही गेला नाही. शिक्का मारला.