स्कॉटलंड मुद्दाम हरलं

लेस्टर, शनिवार संध्याकाळ

इथल्या चार शेजारी देशांची ती जुनी फुटबॉल चॅम्पियनशिप कधीच बंद पडली. पण ह्यांनी आणि शेजारच्या अँगसने ती आमच्या कॅरमवर चालू ठेवली होती. हे इंग्लंड, तो स्कॉटलंड. हे दरवर्षी हरायचे, चिडायचे.

हे गेल्यानंतर आज अँगस पहिल्यांदाच आला. म्हणाला, "इंग्लंडकडून तू बस." बसले. मला धड स्ट्रायकरही मारता येत नाही, तरी जिंकले! त्याची शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती, आणि त्याने नेम चुकवला. मुद्दाम. ह्यांना कधी एक सोंगटी सोडली नाही त्याने. माझी कीव कशाला?

तो गेल्यावर ती सोंगटी मीच बोटाने आत ढकलली.

अहो, हरलात तुम्ही. नेहमीसारखेच.