अर्ध्या गोळ्या

अमरावती, १४ जानेवारी १९६३

मैना, तुले जय भीम अन् शालूले मुका.

मी बरा हाय. भूक लागते, वजनही वाढलं.

दोन महिन्यांनी थुंकीचा रिपोर्ट आला. बाटलीत माह्ये टीबीचे जंतू वाढवून त्याइच्यावर औषध टाकून पाहतात. ते मेलेच नाईत म्हणे. डॉक्टरनं इचारलं, "गोळ्या पुऱ्या खाल्ल्या काय?" मंग मी सांगितलं, अर्ध्या तुह्या खोकल्यासाठी शेषरावभाऊच्या हाती पाठवत होतो. अर्ध्या औषधानं जंतू निब्बर होतात, हे मले काय माहीत!

मले आता दुसरं औषध लावलं. तू त्या गोळ्या बंद कर. शालू तुह्याजवळच निजते काय? भाऊसोबत लवकर ये. तुही थुंकी तपासाले डबी तयार हाय. तिच्यावर तुहं नाव मीच लिवलं.

तुहाच,
देवमन