तेल चोळताना मोडलेलं हाड

पुणे, सोमवार

अण्णा, तुमाला आन आईला जयभीम.

मांडीचं हाड जुळतंय. विहिरीत पडून मणका मोडला तवापासून पायावर भार न्हाई, म्हणून हाडं आतून ठिसूळ झाली, असं डॉक्टर म्हणले. तुमी चोळताना मोडलं, पण ते कशानंबी मोडलं असतं. तुमी जेवण कशापायी सोडलंय? आई फोनवर सांगत होती.

आता हाडांसाठी दर सोमवारी एक गोळी हाय. उपाशीपोटी साध्या पाण्यानं घ्यायची आन अर्धा तास ताठ बसायचं. पहिल्या बारीला चहासंगं घेतली, सिस्टर लई ओरडली.

घरी पालीला आलो की तेल तुमीच लावा. डॉक्टरला इचारलंय, पाय न वाकवता, हलक्या हातानं चालतंय. पायाला काई कळत न्हाई, पण मी तुमचा हात बघत असतो.

आज जेवून घ्या.

तुमचा,
प्रवीण