नाव नसलेला नवरदेव

कॉटन ट्री गॅप,
दि. २ मार्च

आदरणीय लॅसेल्सदादा यांस सिलबर्नचा सविनय नमस्कार.

आपल्या गुडघ्याची सूज उतरली असेल, मोतीबिंदू काढलेला डोळा आता थेट समुद्रापर्यंत पोहोचत असेल आणि वहिनी अजूनही आपल्याला उतारावरच्या मळ्यात पिटाळत असतील, असे गृहीत धरून लिहितो. आम्ही दोघे ठीक आहोत. आपली धाकटी बहीण आयोनी रोज सकाळी कडू पाल्याचा चहा पिते व मलाही पाजते. ते औषध आहे की शिक्षा, हे अडतीस वर्षांच्या सहवासानंतरही मला ठरवता आलेले नाही.

विषय गंभीर आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी चर्चबाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभा होतो. (मी आत क्वचित जातो, प्रवचनातली वाक्ये सुरू होतात, पण संपत नाहीत.) खिडकीतून प्रभुभोजनाच्या प्रसादाचे तबक फिरताना दिसले. शेवटच्या बाकापाशी ते आयोनीला वळसा घालून पुढे गेले. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती माझ्याकडे नव्हे, माझ्या पलीकडच्या पाण्याकडे पाहत होती. लग्नावाचून संसार करणाऱ्या बाईला बाप्तिस्मा नाही आणि बाप्तिस्म्यावाचून तबक नाही, असा तिथला नियम आहे. पुढचा बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रविवारी, नदीवर. तेव्हापासून पांढऱ्या वस्त्रात हळूहळू पाण्यात उतरणारी आयोनी मला सारखी दिसते. दाढी करताना दिसते, आणि मग अर्धी दाढी तशीच राहते.

आमचे लग्न का राहिले, हे आपण जाणताच. घर पुरे झाले की लग्न, असे ठरले होते. आपल्या भागात सगळ्यांचेच तसे ठरते. खोल्या एकेक करून झाल्या, परंतु वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळ्या अद्याप आभाळाकडे बोट दाखवून उभ्या आहेत, आणि अपुऱ्याला पुरे म्हणणे माझ्या जिभेस कधी जमले नाही.

तेव्हा प्रथम पाद्री इझीकेलकडे गेलो. (माझाच विद्यार्थी. निबंधात फार पसरायचा.) तो म्हणाला, "लावतो की लग्न, सर. पण आधी तीन महिने वेगळं राहायचं. मिस आयोनीला लॅसेल्सदादांकडे धाडून द्या." तीन महिन्यांत ईस्टर उलटून जातो, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मी मांडला, की माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण देणार? "देव देईल, सर." मी म्हटले, देवाला सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती, हे माहीत आहे का? इझीकेलने बराच विचार केला व लिंबाचे सरबत मागवले.

मग श्री. एव्हरल्ड पिनॉक. यांच्याकडे लग्ने लावण्याचा सरकारी अधिकार आहे आणि ते हॉटेलांच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांची दिवसाला तीन लग्ने लावतात. वही उघडून त्यांनी विचारले, "कुठल्या हॉटेलात उतरलात, अंकल?" मी सांगितले, माझ्या घरात, सत्तेचाळीस वर्षे झाली. त्यांनी मला विधीचा मजकूर दाखवला. त्यात प्रेमाला अकरा वेळा समुद्राची उपमा होती. मी तिथेच वाळूत बसून दोन ठेवल्या, नऊ खोडल्या. कागद परत घेत ते म्हणाले, "अंकल, एवढ्याशा विधीच्या वेळात तर माझे बूटसुद्धा काढून होत नाहीत." तरीही तयार झाले. माणूस चांगला आहे.

राहिला विवाहाचा परवाना. त्यासाठी राजधानीच्या कचेरीत जन्मदाखला दिला. खिडकीतल्या मुलीने तो उलटसुलट पाहिला आणि ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मुलगा आहात, एवढंच सरकारला माहितीय." मी म्हटले, बाई, सत्त्याहत्तर वर्षे झाली त्याला. "हो, पण नावाचा रकाना कोराच आहे. बाळाचं नाव ठरलं की घेऊन या." दोष कचेरीचा नव्हे. वडील नोंदणीसाठी डोंगरावरून खाली उतरले, तेव्हा घरात नावाचा वाद चालू होता. ते फक्त "मुलगा" एवढे सांगून आले, आणि ते सत्य होते.

दादा, त्यानंतर जे झाले ते मी कोणाला सांगितलेले नाही. परतीच्या बसला तीन तास होते. मी बंदराच्या भिंतीवर जाऊन बसलो. वारा मंद होता, मासेमारीच्या होड्या जागच्या जागी हलत होत्या, आणि मला कोणतेही नाव नव्हते. आयुष्यभर हजेरी घेतली. त्या दुपारी मला हजर म्हणायला लावणारे कोणी नव्हते. एक पेलिकन शेजारी येऊन बसला, तोही निनावी. आम्ही दोघांनी पाण्याकडे पाहिले. फार बरे वाटले. मग सावल्या लांबल्या आणि मनात आले, की आयोनीने अखेर कोणाशी म्हणून लग्न करायचे? उठलो, बस पकडली.

असो. बाकी सारे यथास्थित. वहिनींना नमस्कार.

आपला,
सिलबर्न मॅकफर्लेन (तूर्त केवळ तोंडी)

ता. क. १ : मला बाळपणापासून याच नावाने हाक मारतात, अशी शपथ दंडाधिकाऱ्यासमोर घेणारा वडीलधारा मनुष्य हवा आहे. माझे बारसे झाले तेव्हा आपण सहा वर्षांचे होता व आमच्या अंगणात होता. बाकीचे साक्षीदार स्मशानात आहेत. कृपया येत्या बुधवारच्या बसने यावे. खरे तर पत्र यासाठीच लिहिले.

ता. क. २ : अर्जावर वधूच्या सहीची जागा रिकामी आहे. आयोनीला मी यातले काहीच सांगितलेले नाही. नावावाचून मागणी घालावी कशी? आपण आल्यावर आपणच तिचे मन पाहावे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी धीर करून ओसरीवर गेलो आणि सारे सांगून आयोनीला विचारले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. टोपली खाली ठेवून आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून नवरीचा पांढरा झगा घेऊन आली. मी चष्मा लावून त्याच्या बगलेखालच्या शिवणी पाहिल्या. अंग भरत गेले तसे कापड वर्षानुवर्षे थोडेथोडे सोडत आणलेले होते. उसवलेल्या टाक्यांच्या सात रेघा मोजल्या, आणि आठवी शिवण, तिचा धागा अजून कोरा. "दादाला लिही, बुधवार चुकवू नको म्हणावं," ती म्हणाली. "आता शिवणीत सोडायला कापड उरलं नाही."