आई चिकनला कुकर लावत नाही

दिंडोरी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय चैताली ताई,

तुला, दाजींना राकेशचा जय भीम. माझ्या भाचीला, साईला, पापा.

आईनं तेजस्विनीच्या ताटात पिवळा रस्सा वाढला आणि मी "हे काय?" म्हणालो, तिथून माझं सगळं बदललं. पण ते नंतर. आधी सांग, साईचा खोकला थांबला का? दाजींची नाइट संपली का? मी इथं बरा आहे. कॉलेजातल्या दीपकच्या खोलीवर राहतो. त्यानं कॉलेज पूर्ण केलं, मी सरांशी भांडून सोडलं, तरी तोच मला जागा देतो. सध्या द्राक्षांच्या पॅकिंगला जातोय. घड खोक्यात असा बसवायचा की एक मणी गळता कामा नये. तापट माणसाचं हे काम नाही असं मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला. मला जमतंय. हसू नकोस.

फोन करायचा सोडून पत्र काय लिहितोय, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्ये बोलशील, मी चिडेन आणि फोन ठेवून देईन. ते तुला माहीतच आहे. दीपक आज संध्याकाळी मनमाडला त्याच्या मामाकडे चाललाय. तो तुझ्या घरी आणून देईल.

काम असं की, तू दाजींबरोबर आईला नवा कुकर पाठवणार आहेस असं बाबा म्हणाले. पाठवू नकोस. घरातला कुकर चांगला आहे. बाबांनी त्याची रबर बदलली, शिट्टी बदलली, तरी फोनवर म्हणतात, "त्याचा काय भरवसा नाही बाबा, मी तुझ्या आईला त्याच्याजवळ उभंच राहू देत नाही." मी नुसतं "हो" म्हणतो.

ताई, आईनं कधी चिकनला कुकर लावलेला तुला आठवतो का? तिनं तुला सांगितलं की कुकरचं झाकण उडालं आणि चिकनचा रस्सा हातावर आला. तू विश्वास ठेवलास. मला वाटलं होतं तू लगेच पकडशील. रविवारी सकाळी चिकनला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून ठेवते, पातेल्यात कांदा परतते, हळदीचा कच्चा वास जाईपर्यंत हलवत राहते, वर ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवते. ताटातलं तेच गरम पाणी आत. कुकरात मटण, चिकन नाही, हे तिनंच तुला सासरी जाताना शिकवलं. आणि शिजल्यावर काळा मसाला घालायच्या आधी वाटीभर अळणी बाजूला काढते. नुसतं हळद-मिठाचं पिवळं पाणी आणि चार मऊ तुकडे. साईला पहिल्यांदा चिकन भरवलं ते तेच. आजोबांना शेवटी तेच चालायचं. आपल्या घरात अळणी म्हणजे बाळाचं नाहीतर आजाऱ्याचं.

आईचा हात भाजला त्या रविवारी तेजस्विनी आपल्याकडे जेवायला आली होती.

ती कोण ते तुला थोडं माहीत आहे. इथल्याच बाजूच्या गावातली, बागायतदारांच्या घरातली, माझ्या वर्गात होती. तिचे आजोबा माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. आपल्याकडे ती आधीही यायची. चहा घ्यायची, आईच्या हातची भाकरी खायची, बाबांशी क्रिकेटवर वाद घालायची. मला तेवढं पुरलं नाही. दिवाळीनंतर मी तिच्या गावी गेलो होतो तेव्हा मला ओट्यावरच चहा दिला, आत कुणी बोलावलं नाही. आत फरशी पुसत असतील, किंवा नसतील. तिला विचारलं तर ती रडली. मी मात्र ते धरून बसलो. तिला म्हणालो, "चहा-भाकरी कुणीही खातं. आमच्या घरी बसून चिकन खा, मग मानेन."

हे मी तुला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तू म्हणाली असतीस, ज्यानं तुला ओट्यावर बसवलं त्याला विचार, पोरीला कशाला.

तर ती आली. मी सकाळपासून आईच्या मागे, तर्री लाल पाहिजे, काळा मसाला सढळ पाहिजे. आई म्हणाली, "तू बाहेर हो, मला माझं करू दे." पाहुणी म्हणून तिनं सुकंही केलं होतं, हळद-मीठ लावून तव्यावर परतलेलं. ताटं मांडली. माझ्या ताटात काळा रस्सा. तिच्या वाटीत पिवळा.

माझं डोकंच सटकलं. मला वाटलं, आई तिला हलकं लेखतेय. ओट्यावर बसवल्याचा आई असा बदला घेतेय असंही वाटलं. आईला तर ते माहीतही नव्हतं! मी ओरडलो, "घरी आलेल्या माणसाला बाळाचं खाणं वाढतेस? माझी लाज काढायची आहे का?" आई म्हणाली, "राकू, जेव गप, मग बोलू." तेजस्विनीकडे बघून गप्प झाली. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प झाली. तिच्या हातात पळी होती, ती तेजस्विनीला आणखी वाढत होती. मी तिचा हात झटकला. जोरात. पळी पातेल्यावर आदळली, पातेलं कलंडलं आणि कढत रस्सा तिच्या मनगटापासून बोटांपर्यंत गेला.

लिहिलं एकदाचं. दीपकलाही मी कुकरच सांगितलाय.

मी नुसता उभा राहिलो. आईचा हात नळाखाली धरला तो तेजस्विनीनं. पाणी सोडून ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच काकूंना सांगितलं होतं. मला तिखटाची नाही, चिकनचीच भीती वाटत होती. म्हटलं, लहान मुलांना पहिल्यांदा देता तसं द्या, आणि राकेशला सांगू नका, तो हसेल." मग वळली. "मी दोन घास खाल्ले होते. तू पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. मी तिच्या वाटीचा रंग पाहत होतो.

बाबा ड्युटीवरून यायच्या आत मी बॅग भरली. आई हाताला ओला फडका गुंडाळून दारात आली आणि म्हणाली, "बाबांना मी कुकर सांगते. तू डोकं शांत कर." मी बॅग उचलून निघालो. अजून तिला "चुकलं" म्हणालेलो नाही. रोज फोन करते, विचारते, "जेवलास का?" मी "हो" म्हणतो. परवा इथं अळणी करून बघितलं. हळद जास्त पडली, कडू झालं. दीपक म्हणाला, "एवढी हळद! लग्न कुणाचं आहे, कोंबडीचं?" त्याला हसू आलं. मी पातेलं तसंच झाकून ठेवलं.

काल आई बोलता बोलता म्हणाली, "तुला यायचं तर सोमवारी ये. रविवारी ती येते माझी पट्टी बदलायला." मी म्हणालो, "कोण ती?" आई म्हणाली, "कोण म्हणजे? दवाखान्यात बघून शिकलीय, हलक्या हाताची आहे. तू असलास तर ती यायची नाही, म्हणून सांगते." म्हणजे आई अजून मलाच सांभाळतेय. तेजस्विनी आणि मी समोरासमोर येऊ नये म्हणून तिनं आमचे वार वाटून दिलेत.

ताई, आज रविवार आहे.

सोमवारी गेलो तर सोपं आहे. आई मला जेवायला वाढेल, मी खाली मान घालून खाईन, बाबा कुकरला शिव्या देतील आणि सगळं मिटल्यासारखं होईल. ते मला नको. आज बाबांना सुट्टी आहे, तिघंही घरात असतील. बाबांना सांगायचंय की कुकरचा काही दोष नाही. आईला सांगायचंय. तेजस्विनीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. ती उठून गेली तर जाऊ दे, मी तिला अडवणार नाही. तिच्याकडून आता काही सिद्ध करून घ्यायचं नाही मला.

बाबा कदाचित मला हाकलतील. मग दोन दिवस तुझ्याकडे आलो तर दार उघड. नाही उघडलंस तरी तुझं खरं.

दाजींना सगळं सांग, लपवू नकोस. साईला मात्र सांगू नकोस. ती मोठी झाल्यावर मी सांगेन.

घरी जायला नाशिकची जीप चौकात भरतेय, दीपक हाका मारतोय. पत्र त्याच्या उशीवर ठेवतो. चपला घातल्यात. आता निघतो आणि दार ओढून घेतो.

आईचा हात भाजणारा,
तुझा भाऊ
राकेश