गळांच्या पेटीतला चुंबक

प्रिय दादा,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. सहावीच्या वर्गात शिकवताना वापरते तो चुंबक म्हणजे मला लहानपणी बक्षीस मिळालेलाच, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. हा शाळेच्या कपाटातला आहे, लाल रंग उडालेला. माझा कुठे गेला हे लिहावं लागू नये म्हणून तसं लिहून गेले.

आईचं बरं आहे. गुडघे धरतात, तरी धक्क्यावर मासे निवडायला जाते. तुझं पत्र आलं की पाकीट उलटंसुलटं करून माझ्याकडे देते. मी मोठ्याने वाचायला लागले की भांडी घासायला उठते, पण नळ सोडत नाही.

ते बक्षीस घरी आणलं तेव्हा बाबा किती हसले होते, आठवतं? आपल्या घरात शाळेत बक्षीस मिळवणारी मी पहिली, म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून मला चुंबकाने खिळे आणि टाचण्या उचलून दाखवायला लावलं. सांडलेले गळ वेचताना त्यांची बोटं नेहमी रक्ताळायची. तू चिडवायचास, “गळाला मासे कमी, बाबाच जास्त लागतात.” ते माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा डबा द्यायला आले तेव्हा होडीतल्या गळांच्या पेटीत मी चुंबक गुपचूप ठेवला. त्या दिवशी जाळं टाकायचं होतं, पेटी उघडणार नव्हती. पण कधीतरी बाबा उघडतील, सगळे गळ एका जागी गोळा झालेले बघतील, आणि मला हाक मारतील, असं वाटलं. त्या पेटीच्या झाकणावरच तुमचं होकायंत्र असायचं.

जाताना किनारा दिसत होता, सुईकडे बघायची गरज नव्हती. परतताना धुकं आलं आणि होडी खडकावर गेली. बाबा तिसऱ्या दिवशी सापडले. तू ओल्या कपड्यांनी धक्क्यावर एकच सांगत होतास, “सुई दाखवत होती तसाच आलो.” काका म्हणाले, “माणूस चुकतो रे, सुई चुकत नाही.” हे बोलणं बाबांचंच, नेहमीचं, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. सुकाणू धरलेल्या पोराला डुलकी लागली असणार, असं ठरलं. आईने तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि तू तिकडे गोदामात कामाला लागलास. अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी तूच लिहिलंस, “लागलीही असेल डुलकी, आता मलाच खात्री नाही.”

चुंबकाजवळ होकायंत्राची सुई फिरते हे मी आठवीत पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पूर्ण गुण मिळवले. पण माझा चुंबक पेटीत होता आणि पेटी बंद होती, एवढंच धरून बसले. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, “बाई, मधे लाकूड आलं की चुंबकाची ओढ थांबत असेल ना?” म्हटलं, करून बघ. तिने फळीवर होकायंत्र ठेवलं आणि खालून चुंबक नेला. सुई वळली. मुली हसल्या, “बाई, सुई खोटं बोलते.” मी म्हटलं, खोटं नाही बोलत, तिला उत्तर ओढते तसाच हाही ओढतो, आणि हा जवळ आहे. मग मला पुढे शिकवता येईना. मधल्या सुट्टीत आपल्या पेटीच्या झाकणाएवढी जाड फळी शोधली आणि पुन्हा केलं. सात वेळा केलं. एकदाही सुई जागेवर राहिली नाही.

दादा, तू झोपला नव्हतास. हे तुला सगळ्यांच्या आधी कळावं म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. आई मला काय म्हणेल याची भीती वाटते, आणि काहीच म्हणाली नाही तर त्याची जास्त. फळी, होकायंत्र आणि चुंबक पिशवीत भरून ठेवलेत. आधी घरी आईला दाखवीन, मग तिला घेऊन धक्क्यावर काकांसमोर, सगळ्या होड्या बांधलेल्या असतील तेव्हा. तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही, थांबले तर पुन्हा काहीतरी खोटं लिहीन. येत्या रविवारी, सतरा तारखेला, सकाळी नऊ वाजता.

तुझीच,
धाकटी