लाल दिव्याची चौकशी

७ नोव्हेंबर २०१३
लागला! पेणहून परतताना नागोठण्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि ब्रेकचा लाल दिवा लागला, तो वरसेला घरी येईपर्यंत विझला नाही. ब्रेक मात्र उत्तम लागताहेत. अनसूया खिडकीबाहेर बघत बसली. बायकोला गाडीतलं काय कळणार म्हणा!

श्रावणात माझ्या छातीत कळ आल्यापासून ‘गाडी विका’ हा चिरंजिवांचा जप चालू आहे. दुरुस्तीचा खर्च दहा हजारांवर गेला तर विकेन, असं मीच कबूल करून बसलोय. आता दर महिन्याला पेणच्या डॉक्टरकडे एस्टीने उभं राहून जायचं की काय?

८ नोव्हेंबर
हायवेवरच्या चकचकीत वर्कशॉपात गेलो. टाय लावलेल्या पोराने कॉम्प्युटर जोडला, बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मास्टर सिलिंडर, सेन्सर, पॅड, डिस्क, सगळंच बदला म्हणे. अठ्ठावीस हजार! रोग कळत नाही तर अवयव बदला. किल्ली परत घेतली आणि निघालो.

९ नोव्हेंबर
चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय, एक दिवा सापडणार नाही?

गाडीच्या पुस्तकातली पहिली सूचना – हँडब्रेक पूर्ण सोडला आहे का पाहा. ही पुण्याच्या लोकांसाठी. धरमतरच्या शाळेत अकरा वर्षं काढलेला माणूस हँडब्रेकला हात लावत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत तो गंजून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड सरकवायचा. जो मी ओढतच नाही, तो सोडायचा कुठून? सूचना ओलांडली.

ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. गळती नाही. पॅड जाड. दिवा तसाच. बेशरम!

१० नोव्हेंबर
मेव्हणे त्र्यंबकराव यांचा सल्ला – दिव्यावर टिकली चिकटवा. हे इंजिनिअर आहेत.

१२ नोव्हेंबर
शेवटी अनसूयेला घेऊन पेणला रामवाडीत काळुरामच्या गॅरेजात. इतके दिवस टाळत होतो, कारण याला विज्ञानात मीच दोनदा नापास केलंय. मी गळती, पॅड, सेन्सर असं सविस्तर सांगत होतो. तो दार उघडून आत वाकला. कट् असा आवाज आला आणि दिवा विझला.

“सर, हांडब्रेक एक दात वर होता. गाडी अजून कोन चालवतंय काय?”

नाही म्हटलं. पैसे घेईना, वर चहा पाजला. गाडी वाचली म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण नापास पोराने पाच सेकंदांत माझी परीक्षा घेतली. वाटभर अनसूया खिडकीबाहेर बघत बसली.

पण ओढला कोणी? गाडी धुणारा मोरू! दुसरं कोण?

१३ नोव्हेंबर
मोरू म्हणतो, “मी दारच उघडत नाय.” चोराच्या उलट्या बोंबा. उद्या दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडतो आणि त्याला रंगेहाथ धरतो.

१४ नोव्हेंबर
अडीचला खुंटीवरची किल्ली वाजली. खिडकीतून पाहिलं. स्टिअरिंगवर अनसूया! बाजूला शेजारची शांती, काहीबाही शिकवतेय. गाडी दोनदा बंद पडली, मग गेली.

चारला परत आली. अनसूयेने शिकवल्याप्रमाणे हँडब्रेक ओढला, मग माझी सवय आठवून सोडला, तोही अर्धाच. उतरून दगड होता तिथे सरकवला. मी दारात उभा. काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती दचकलीसुद्धा नाही.

“श्रावणात तुम्ही पडलात, तेव्हा गाडी दारात उभी होती आणि मी रिक्षासाठी रस्त्यावर धावत होते,” ती म्हणाली.

त्या दिवशी रिक्षा कशी मिळाली, हे मी तिला आजवर विचारलंच नव्हतं.